आपलाच वकील लिहून देतो ‘अपिलात मुद्दा नाही’, मग पुढं काय करायचं? अमेरिकेतल्या वेन्डी आणि अँडर्स ब्रीफची सगळी भानगड

रात्री साडेदहाला एका काकूंचा फोन आला. मुलगा कॅलिफोर्नियात जेलमध्ये, ट्रायल होऊन शिक्षा झालेली, अपील चालू, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात अपिलाच्या वकिलाचं पाकीट पडलेलं. काकू म्हणाल्या, "अरे, ह्या वकिलानं कोर्टात लिहून दिलंय की त्याला एकही मुद्दा सापडला नाही. हा आपलाच वकील ना? का सरकारी पक्षाला मिळालाय?"

मिळालेला नव्हता. पण प्रश्न अगदी बरोबर होता, कारण आपल्याकडं असं काही असतं हे कुणी ऐकलेलंच नसतं. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात चार वर्षं ज्युनियर म्हणून काढली, आता इथं कॅलिफोर्नियात, बे एरियात एका अपील वकिलांकडं पॅरालीगल (वकिलाचा सहाय्यक) आहे, आणि पहिल्यांदा वेन्डी ब्रीफ (ब्रीफ म्हणजे कोर्टाला दिलेलं वकिलाचं लेखी म्हणणं, आणि वेन्डी म्हणजे त्यात एकही मुद्दा न मांडता ‘कोर्टानं स्वतः बघावं’ म्हणणारं) हातात आलं तेव्हा मलाही वाटलं होतं की हे काय भलतंच, अशिलाचा वकील असं कसं लिहू शकतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मी इथला वकील नाही, त्यामुळं हे वाचून तुमच्या केसचा निर्णय घेऊ नका, पण वकिलाला काय विचारायचं आणि हातात किती दिवस आहेत एवढं ह्यातून नक्की कळेल. बहुतेक सगळं कॅलिफोर्नियाबद्दल आहे, कारण रोजचं काम तेच, मध्ये मध्ये टेक्सास आणि बाकीच्या राज्यांचं येईल.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा: ते पत्र आलं म्हणजे अपील संपलं असं नाही, त्या पत्रानंतर साधारण तीस दिवसांची एक खिडकी उघडते आणि बहुतेक लोक रडण्यात आणि वकिलाला शिव्या घालण्यात ती घालवतात.

हे असं का असतं

१९६३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं दोन निकाल दिले. गिडियनच्या केसमध्ये सांगितलं की गंभीर गुन्ह्यात आरोपीकडं पैसे नसतील तर सरकारनं वकील द्यायचा, आणि त्याच दिवशी डग्लस विरुद्ध कॅलिफोर्नियामध्ये सांगितलं की पहिल्या अपिलातही द्यायचा. आता गोची अशी झाली की फुकट वकील मिळतोय म्हटल्यावर अपील सगळेच करणार, आणि काही केसेसमध्ये खरोखरच भांडायला काही नसतं. वकिलावर दोन बंधनं, अशिलासाठी जीव तोडून भांडायचं आणि कोर्टापुढं फालतू मुद्दा मांडायचा नाही. दोन्ही एकदम कशी पाळायची?

अँडर्स नावाच्या माणसाची केस ह्यातूनच आली. कॅलिफोर्नियात गांजा बाळगल्याबद्दल शिक्षा झाली, अपिलाला वकील मिळाला, त्यानं रेकॉर्ड वाचलं, अँडर्सशी बोलला आणि कोर्टाला छोटंसं पत्र पाठवलं की अपिलात दम नाही, मी ब्रीफ दाखल करणार नाही. संपलं. अँडर्सनं दुसरा वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच ब्रीफ लिहिलं, शिक्षा कायम राहिली. काही वर्षांनी, १९६५ मध्ये, त्यानं पुन्हा दार ठोठावलं आणि त्यात एक मुद्दा असा होता की आरोपी साक्षीला उभा राहिला नाही ह्यावर जज आणि सरकारी वकील दोघांनी ज्युरीसमोर शेरे मारले होते. ८ मे १९६७ ला सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला: नुसतं ‘दम नाही’ एवढं पत्र चालणार नाही. वकिलाला अपील पूर्णपणे फोल वाटलं तर त्यानं परवानगी मागून बाजूला व्हावं, पण सोबत असं ब्रीफ द्यावं ज्यात अपिलाला टेकू देऊ शकेल असं रेकॉर्डमधलं जे काही असेल ते दाखवलेलं असेल, त्याची प्रत अशिलाला द्यावी, अशिलाला स्वतःचे मुद्दे मांडायला वेळ मिळावा, आणि मग कोर्टानं स्वतः सगळं रेकॉर्ड तपासावं. तपासताना वाद घालण्याजोगा एक जरी मुद्दा दिसला तरी निकाल देण्याआधी अशिलाला त्या मुद्द्यावर भांडायला वकील द्यायचा. ह्या शेवटच्या वाक्यावर नंतर परत येतो, सगळी गंमत तिथं आहे.

कॅलिफोर्नियानं १९७९ मध्ये वेन्डीच्या केसमध्ये स्वतःची पद्धत काढली. इथं वकील ‘अपील फोल आहे’ असं लिहीतच नाही आणि केस सोडूनही जात नाही. तो फक्त केस कशी चालली, पुरावा काय होता हे पान नंबरांसकट लिहितो, मी रेकॉर्ड वाचलंय, अशिलाला कळवलंय असं सांगतो, आणि कोर्टाला म्हणतो, आता तुम्ही स्वतः बघा, काही लागलं तर मी आहेच. ही पद्धत अँडर्सपेक्षा कमी पडते का हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला आणि २००० साली स्मिथ विरुद्ध रॉबिन्समध्ये पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमतानं वेन्डी पास झाली. अँडर्सची पद्धत हा एक नमुना आहे, राज्यं दुसरी चांगली पद्धत वापरू शकतात असं कोर्ट म्हणालं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वेन्डी बरी. अँडर्समध्ये वकील आधी संभाव्य मुद्दे दाखवतो आणि बऱ्याच कोर्टांत मग तेच मुद्दे कसे टिकत नाहीत हेही समजावतो, म्हणजे स्वतःच्याच अशिलाविरुद्ध युक्तिवाद केल्यासारखं होतं. विस्कॉन्सिनमध्ये तर नियमच आहे की मुद्दा का टिकत नाही ते लिहायचं, आणि १९८८ मध्ये मॅकॉयच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तो नियम चालवूनही घेतला. आयडाहोनं १९७७ मध्येच ठरवलं की मुद्दा नाही म्हणून वकिलानं सोडून जायचंच नाही, जे आहे ते मांडायचं, इंडियानानंही नंतर तोच रस्ता धरला. ओरेगॉननं १९९१ मध्ये मधला मार्ग काढला, ब्रीफचे दोन भाग, एकात वकील केसची माहिती देतो, दुसऱ्यात अशिलाचं म्हणणं अशिलाच्याच पद्धतीनं जातं. म्हणजे मामा टेक्सासमध्ये, आत्या ओरेगॉनमध्ये असेल तर एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका, हे फार होतं आपल्या लोकांत.

पहिलं काम: पाकिटात नक्की काय आलंय ते बघा

काकूंना मी फोनवरच विचारलं, पहिल्या पानावर वकिलाचं नाव कुठल्या ऑफिसखाली आहे, ब्रीफमध्ये ‘वेन्डी’ शब्द आहे का, की ‘डेल्गाडीयो’ आहे? हा फरक जीवघेणा आहे. ट्रायलनंतरचं पहिलं थेट अपील असेल तर वेन्डी, कोर्ट आपणहून सगळं रेकॉर्ड तपासणार, तुम्ही काही लिहा नाहीतर नका लिहू. पण शिक्षा होऊन वर्षं झाली, मग खुनाच्या शिक्षेचा फेरविचार करा असा अर्ज केला, तो फेटाळला आणि त्यावर अपील आहे, अशी केस असेल तर २०२२ च्या डेल्गाडीयो निकालाप्रमाणं कोर्टाला सगळं रेकॉर्ड आपणहून तपासायचं बंधन नाही. तिथं कैद्यानं मुदतीत काहीच लिहिलं नाही तर अपील सोडून दिलं असं धरून कोर्ट ते काढून टाकू शकतं, लिहिलं तर त्या मुद्द्यांचा विचार करावाच लागतो. म्हणजे एका केसमध्ये गप्प बसणं चालून जातं आणि दुसऱ्यात गप्प बसलात की संपलं.

दुसरं बघा, वकील कोर्टानं नेमलेला आहे का तुम्ही पैसे देऊन लावलेला. हा सगळा प्रकार नेमलेल्या वकिलांसाठी आहे. पैसे घेतलेला वकील मुद्दा नाही म्हणत असेल तर तो तुम्हाला तोंडावर सांगेल आणि कोर्टाची परवानगी घेऊन बाजूला होईल, अँडर्सची संरक्षणं त्याला तशी लागत नाहीत.

कॅलिफोर्नियात नेमलेल्या वकिलांच्या मागं त्यांना मदत करणाऱ्या, अपील प्रोजेक्ट नावाच्या संस्था असतात. वेन्डी ब्रीफ टाकण्याआधी वकिलानं प्रोजेक्टमधल्या अनुभवी माणसाशी चर्चा करायची अशी पद्धत आहे, म्हणजे ते एकट्याचं मत बहुतेक वेळा नसतं. वकिलाला शांतपणे विचारा: प्रोजेक्टबरोबर बोलणं झालं का, कुठले मुद्दे तपासून सोडून दिले. फोनवर चिडलात तर तो दोन ओळीत उत्तर देईल, नीट ईमेल लिहिलात तर बहुतेक वेळा चांगलं मोठं उत्तर येतं.

दुसरं: तारखा भिंतीवर लिहा

कॅलिफोर्नियात फेलनीचं (गंभीर गुन्ह्याचं) अपील शिक्षा सुनावल्यापासून ६० दिवसांत, मिसडिमिनरचं (किरकोळ गुन्ह्याचं) ३० दिवसांत. फेडरल कोर्टात फक्त १४ दिवस, ह्यात लोक हमखास फसतात. टेक्सासमध्ये ३० दिवस, नवीन ट्रायलचा अर्ज वेळेत टाकला असेल तर ९०. पण पत्र आलंय म्हणजे तुमचं अपील दाखल झालेलंच आहे, आता महत्त्वाची तारीख म्हणजे कैद्याला स्वतःचं पुरवणी ब्रीफ द्यायला मिळणारे ३० दिवस. कोर्टाची नोटीस वेगळी येते, मुदत तिच्यावरून मोजायची, वकिलाचं पाकीट कधी आलं त्यावरून मोजत बसू नका. मुदत कमी पडणार असेल तर संपायच्या आधी कारण देऊन वाढवून मागा, संपल्यावर नाही.

कैद्यांसाठी एक सोय आहे, १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालापासून फेडरल कोर्टात आणि कॅलिफोर्नियाच्या नियमांतही, कैद्यानं कागद मुदतीत जेलच्या अधिकाऱ्याकडं पोस्टासाठी दिला की तो दाखल झाला असं धरतात. आपल्याकडं जेल अपील असतं ना, कैदी तुरुंगाधिकाऱ्याकडं अर्ज देतो आणि तो पुढं कोर्टात जातो, तशीच कल्पना. पण दिल्याची तारीख लिहून सही करायला सांगा आणि जेलच्या लीगल मेलच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली का ते बघायला सांगा. आणि जेल बदललं की कोर्टाला नवीन पत्ता कळवायचा. एका जेलमधून दुसऱ्यात हलवलं, नोटीस जुन्या जेलला गेली, परत आली, तीस दिवस संपले, हे मी स्वतः पाहिलंय.

तिसरं: रेकॉर्ड हातात घ्या

अपिलात नवीन पुरावा चालत नाही, साक्षीदार परत येत नाहीत, जज फक्त कागद वाचतात. ते कागद दोन प्रकारचे. क्लार्क्स ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे अर्ज, ऑर्डरी, फॉर्म, ज्युरीला दिलेल्या सूचना, शिक्षेचे कागद. रिपोर्टर्स ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे कोर्टात जो जे बोलला ते शब्दन् शब्द, ओळींना नंबर दिलेले. पुण्यात आम्ही नकलेसाठी अर्ज टाकून हेलपाटे घालायचो आणि साक्ष म्हणजे जजसाहेबांनी सांगितलेली आणि स्टेनोनं टाइप केलेली, इथं ‘हम्म’ सुद्धा छापलेलं असतं, पहिल्यांदा बघून मी चाट पडलो होतो. बहुतेक वेळा वकील वेन्डी टाकताना रेकॉर्ड कैद्याला पाठवतो, नाही आलं तर लेखी मागा. टेक्सासमध्ये तर २०१४ च्या केलीच्या निकालापासून अँडर्स ब्रीफ टाकणाऱ्या वकिलानं अशिलाला रेकॉर्ड कसं मिळेल ते सांगून त्यासाठीचा अर्जच तयार करून द्यायचा असतो, फक्त सही करून पाठवायचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ज्युरी निवडीचं बोलणं कॅलिफोर्नियाच्या नेहमीच्या रेकॉर्डमध्ये येतच नाही. तुमची तक्रार जर अशी असेल की आमच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांना ज्युरीतून काढलं, तर ते पान रेकॉर्डमध्ये नाहीये, वकिलानं ते जोडून मागितलं होतं का हा पहिला प्रश्न.

चौथं: कुठं शोधायचं

इथं थोडं थांबतो, कारण घरचे लोक नेमकं चुकीच्या जागी शोधतात. सगळ्यांचा एकच मुद्दा, ‘तो साक्षीदार खोटं बोलला.’ बोलला असेलही. पण अपील कोर्ट साक्षीदाराचा चेहरा बघत नाही. १९७९ च्या जॅक्सन विरुद्ध व्हर्जिनियापासून कसोटी अशी की पुरावा सरकारी पक्षाच्या बाजूनं वाचला तर कुठल्याही समंजस ज्युरीला दोषी ठरवता आलं असतं का. उत्तर हो असेल तर विषय संपला. दुसरं, ट्रायलच्या वकिलानं त्या वेळी हरकत घेतली नसेल तर बरेच मुद्दे तिथंच गमावलेले असतात. तिसरं, चूक झाली असली तरी तिनं निकालात फरक पडला असता का हे बघतात, घटनात्मक हक्काची चूक असेल तर सरकारला सिद्ध करावं लागतं की वाजवी शंकेपलीकडं फरक पडला नाही, साधी चूक असेल तर कसोटी आणखी कडक, ओझं आपल्यावर. म्हणून वकिलाला मुद्दा सापडत नाही. आणि सापडलेला प्रत्येक मुद्दा मांडायलाच हवा असंही नाही, १९८३ च्या जोन्स विरुद्ध बार्न्समध्ये कोर्टानं सांगितलंय की कुठला मुद्दा घ्यायचा हे वकील ठरवतो.

मग सापडतं कुठं? माझ्या अनुभवात शिक्षेच्या कागदांत. कंटाळवाणे आकडे, कुणी बघत नाही. काकूंच्या मुलाचं प्रत्यक्ष काय होतं ते इथं लिहिणार नाही, पण हिशोब कसा करायचा ते एका काल्पनिक उदाहरणानं दाखवतो. समजा अटक ३ मार्चला, शिक्षा २ मे ला, मधला सगळा वेळ काउंटी जेलमध्ये. पहिला आणि शेवटचा दिवस दोन्ही धरायचे. मार्चचे २९, एप्रिलचे ३०, मे चे २, झाले ६१. आता साधा गुन्हा असेल तर चांगल्या वर्तनाची सूट: ६१ ला २ नं भागा, ३० आले, उरलेला अर्धा सोडून द्या, ३० गुणिले २ म्हणजे ६०. एकूण १२१ दिवस शिक्षेतून वजा व्हायला हवेत. कागदावर ११९ लिहिलेत? दोन दिवस गेले. कुणी म्हणेल दोन दिवसांनी काय होतंय, मी म्हणतो आत बसलेल्या माणसाला विचारा. हिंसक फेलनी असेल तर ही सूट फक्त १५ टक्के, खुनाला अजिबात नाही, त्यामुळं हेच सूत्र सगळीकडं लावू नका. आणि नुसता हाच एक मुद्दा असेल तर आधी ट्रायल कोर्टालाच दुरुस्ती मागायची असते, त्यासाठी वकिलाचं एक पत्र पुरतं.

दुसरी जागा, जज तोंडानं काय बोलले आणि नंतर क्लार्कनं फॉर्मवर काय लिहिलं. जज म्हणाले दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या आणि फॉर्मवर एकापाठोपाठ एक अशी खूण, हे होतं. तोंडी निकाल मोठा, फॉर्म दुरुस्त होतो. तिसरी जागा, एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा लावलीय का. चौथी, प्रोबेशनची (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेर राहण्याची) लांबी: कॅलिफोर्नियात २०२१ पासून बहुतेक फेलनींना दोन वर्षं आणि मिसडिमिनरला एक वर्ष हीच कमाल आहे, अपवाद आहेत, पण तीन किंवा पाच वर्षं दिसली तर विचारा.

गुन्हा कबूल करून प्ली घेतली असेल, म्हणजे बहुतेक वेळा सरकारी पक्षाशी सौदा करून कबुली दिली असेल, तर खेळ वेगळा. कॅलिफोर्नियात प्लीलाच आव्हान द्यायचं असेल तर ट्रायल जजकडून एक खास सर्टिफिकेट लागतं आणि तो अर्जही त्याच ६० दिवसांत. ते नसेल तर फक्त शिक्षेचे मुद्दे आणि झडतीत सापडलेला पुरावा वगळा ह्या अर्जाचा मुद्दा, एवढंच उरतं. आणि एक सावधगिरी, जी रागाच्या भरात कुणी ऐकत नाही: प्ली मोडायला कोर्टाला पटवलंत तर सौदाही मोडतो, सोडून दिलेले आरोप परत येऊ शकतात. सातव्या सर्किटनं (फेडरल अपील कोर्टांपैकी एक) तर २००२ मध्ये वकिलांना सांगूनच ठेवलंय की अशिलाला खरंच प्ली मागं घ्यायची आहे का हे आधी विचारा, मगच तो मुद्दा काढा.

पाचवं: पुरवणी ब्रीफ कसं लिहायचं

एरवी वकील असताना कैद्याला स्वतःचं ब्रीफ टाकता येत नाही, कोर्ट ते बाजूला ठेवतं, आणि अपिलात स्वतःच स्वतःचं वकीलपत्र घ्यायचा घटनात्मक हक्कही नाही, हे २००० साली ठरलंय. वेन्डी आणि अँडर्समध्येच ही दारं उघडतात. तेव्हा वापरा.

इंग्रजीत लिहा, सही कैद्याचीच हवी, घरच्यांनी टाइप करून द्यायला हरकत नाही पण त्याच्या वतीनं दाखल करायचं नाही, वकील नसलेल्या माणसाला दुसऱ्यासाठी कोर्टात उभं राहता येत नाही, मग तो बाप असला तरी. पाच ते दहा पानं पुष्कळ. प्रत्येक मुद्द्याला चार गोष्टी: काय झालं, ते कुठल्या पानावर आहे, ट्रायलच्या वकिलानं हरकत घेतली का, आणि त्यानं निकालावर काय परिणाम झाला. म्हणजे ‘सरकारी वकील अन्यायानं बोलला’ असं लिहू नका, असं लिहा: ‘रिपोर्टर्स ट्रान्स्क्रिप्ट, खंड ३, पान ४१२, ओळी ७ ते १५. शेवटच्या भाषणात सरकारी वकील ज्युरीला म्हणाले की आरोपीनं स्वतःची बाजू कधीच सांगितली नाही. माझ्या वकिलानं ओळ १६ वर हरकत घेतली. जजनं ती फेटाळली.’ बस्स, जज ते पान उघडणार आणि बघणार. तीन चांगले मुद्दे असतील तर तीनच द्या, वीस दिलेत तर ते तीन त्यात बुडतात.

ओळखीच्यांपैकी एका कुटुंबानं इंटरनेटवरच्या कुठल्यातरी ‘सल्लागारा’ला बरेच डॉलर देऊन साठ पानांचं तयार ब्रीफ घेतलं, त्यात एका जागी भलत्याच आरोपीचं नाव राहिलं होतं. मी आणखी काही बोलत नाही.

जेलच्या फोनवर केसबद्दल बोलू नका, सगळं रेकॉर्ड होतं, मराठीत बोललात तरी होतं आणि भाषांतर करणारे मिळतात. मुद्दे वकिलाच्या लीगल मेलमधून जाऊ द्या.

मग कोर्टात काय होतं

तीन जजांचं पॅनेल आणि त्यांच्या ऑफिसातले स्टाफ वकील सगळं रेकॉर्ड वाचतात. वेन्डीत बहुतेक वेळा निकाल ‘वाद घालण्याजोगा मुद्दा नाही, शिक्षा कायम’ असाच येतो, खोटी आशा देण्यात अर्थ नाही. पण २००६ च्या केलीच्या निकालापासून, हा कॅलिफोर्नियातला केली, टेक्सासचा नव्हे, कोर्टाला निकालात केसची हकीकत, गुन्हे, शिक्षा लिहावी लागते, आणि कैद्यानं स्वतः मुद्दे मांडले असतील तर ते का टिकत नाहीत हेही थोडक्यात सांगावं लागतं. म्हणजे तुम्ही लिहिलंत तर उत्तर मिळतं, पुढं त्याचा उपयोग होतो.

कोर्टाला मुद्दा दिसला तर वकिलाला सांगतात, ह्यावर ब्रीफ द्या, मग सरकारी पक्ष उत्तर देतो आणि नेहमीचं अपील चालू होतं. टेक्सासमध्ये केस ट्रायल कोर्टाकडं पाठवून नवीन वकील नेमायला सांगतात. आणि इथंच १९८८ ची पेन्सनची केस मला फार आवडते. ओहायोतल्या वकिलानं एका कागदावर लिहून दिलं की अपिलात काही नाही, कोर्टानं त्याला जाऊ दिलं, नंतर स्वतः रेकॉर्ड वाचलं तर मुद्देच मुद्दे, इतके की एका आरोपातली शिक्षा रद्दसुद्धा केली, पण नवीन वकील काही दिला नाही, म्हणाले आम्ही बघितलंय ना सगळं नीट. सुप्रीम कोर्ट म्हणालं चालणार नाही, मुद्दा आहे म्हटलं की वकील हवाच, आणि तो नसल्यानं नुकसान झालं हे वेगळं सिद्धही करायला नको. कोर्टानं वाचणं आणि वकिलानं भांडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडं मात्र ही भानगड नाही. बाणी सिंगच्या केसमध्ये १९९६ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अपिलार्थीचा वकील आलाच नाही म्हणून फौजदारी अपील नुसतं काढून टाकता येत नाही, रेकॉर्ड बघून गुणवत्तेवर निकाल द्यायचा, आरोपी जेलमध्ये असेल तर कोर्ट त्याला वकीलही देऊ शकतं. पण वकिलानं लेखी ‘मुद्दा नाही’ म्हणायची आणि त्यावर आरोपीला नोटीस जायची अशी ठरलेली पायरी नाही. आपल्याकडं वकील दम नसलेल्या अपिलातही उभा राहतो, दोन मिनिटं बोलतो आणि शिक्षा कमी करा म्हणून विनंती करतो. कुठलं बरं हे मी अजून ठरवलेलं नाही.

निकाल विरुद्ध गेला तर

पहिल्या अपिलानंतर फुकट वकिलाचा घटनात्मक हक्क संपतो, १९७४ पासून हे पक्कं आहे. कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टात पिटिशन फॉर रिव्ह्यू टाकायचं असेल तर अपील कोर्टाचा निकाल ३० दिवसांनी अंतिम होतो आणि त्यानंतर १० दिवसांत टाकायचं, म्हणजे निकालापासून चाळिसावा दिवस हा शेवटचा. पुढं फेडरल हेबियसला, म्हणजे ही कैदच बेकायदा आहे असं म्हणणाऱ्या फेडरल कोर्टातल्या वेगळ्या अर्जाला, जायचा विचार असेल तर हे टाकलेलं असायला हवं, फक्त राज्यातले मार्ग संपवले हे दाखवण्यासाठी छोटं पिटिशनही चालतं. फेडरल हेबियसला साधारण एक वर्ष, ते कधीपासून मोजायचं ह्यात बारकावे आहेत, वकिलाकडून तारीख लेखी घ्या.

‘ट्रायलचा वकील झोपला होता, त्यानं आमचा साक्षीदार बोलावलाच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अपिलाची नाहीच, कारण न बोलावलेला साक्षीदार रेकॉर्डवर नसतो. ती हेबियसची. ग्रीन कार्ड किंवा एच-वन असेल तर आणखी एक गोष्ट, २०१० च्या पडीयाच्या निकालाप्रमाणं प्लीमुळं देशाबाहेर काढलं जाऊ शकतं हे वकिलानं सांगायला हवं, नसेल सांगितलं तर कॅलिफोर्नियात शिक्षा रद्द करून घेण्याचा वेगळा अर्ज आहे, पीनल कोड १४७३.७ खाली. अपिलात शिक्षा कायम झाली तरी तो रस्ता आपोआप बंद होत नाही, पण इमिग्रेशनच्या वकिलाला लवकर भेटा, डिपोर्टेशनची नोटीस येईपर्यंत थांबू नका.

आणि ट्रान्स्क्रिप्टचे खोके फेकू नका. काकूंनी ते गराजमध्ये ड्रायरच्या शेजारी ठेवले होते, मी म्हटलं आधी घरात आणा, ओल धरली तर पानं चिकटतात, परत मागवायला पैसे पडतात.